विश्वंभरेचा भार

इंग्रजी भाषेतील जी क्रियापदे आपल्याकडील मुले शाळेच्या आरंभीच्या इयत्तांत रूपांसह पाठ करतात आणि ज्यांच्या पोटात काय काय साठवलेले आहे याचा विचार करण्याचा प्रसंग बहुतेकांवर पुढे जन्मभर येत नाही, त्यांत ‘बेअर’ या क्रियापदाचा क्रम बराच वरचा लागेल. ओझे वाहणे, मूल प्रसवणे, झाडाने फळ धरणे, दुःख सोसणे, शस्त्र बाळगणे, साक्ष देणे, मनात अढी ठेवणे, इतकी परस्परांशी वरवर असंबद्ध कामे हे एकच क्रियापद बिनतक्रार करते. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या शाळेत मी हे क्रियापद वर्षानुवर्षे शिकवीत असे, आणि प्रत्येक नव्या वर्गात कोणी तरी चुणचुणीत मुलगा ‘मग यात अस्वल कोठून आले’ असे विचारीत असे. त्याला मी सांगत असे, की अस्वलवाचक शब्दाचा उच्चार तोच असला तरी त्याचे कूळ वेगळे असून पंडित त्याचा संबंध तपकिरी रंगाशी जोडतात. तेव्हा अस्वलास रानात सोडावे आणि आपण ओझ्याकडे वळावे.

या ओझ्याची वंशावळ मोठी आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘बेरन’, लॅटिनमधील ‘फेर्रे’, ग्रीकमधील ‘फेरेइन’ आणि आपल्या संस्कृतातील ‘भृ’ ही एकाच घराण्यातील भावंडे होत, याविषयी तौलनिक भाषाशास्त्रात आता दुमत नाही. इंग्रजीने या मुळापासून जन्मासाठी ‘बर्थ’ घेतला, ओझ्यासाठी ‘बर्डन’ घेतला, आणि प्रेत ज्यावर ठेवून नेतात त्या तिरडीसाठी ‘बीअर’ हा शब्दही त्याच मुळापासून घेतला. लॅटिन शाखेतून ‘सफरिंग’ आला. खाली राहून वाहणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘फर्टाइल’, म्हणजे सुपीक, हाही त्याच शाखेचा. एकाच धातूतून सुपीकता आणि यातना या दोहोंची नावे निघावीत, याचे नवल शेतकऱ्याला वाटणार नाही.

आपल्या बाजूस पाहावे तर भार, भरण, संभार, भृत्य, भर्ता, भार्या हे सारे ‘भृ’ धातूचे गोत्रज आहेत. एखाद्याचे आपण आभार मानतो तेव्हा त्याने केलेल्या उपकाराचे ओझे आपल्या माथी असल्याची कबुलीच देत असतो. भार्या म्हणजे जिचे भरण दुसऱ्याने करावयाचे ती, असा अर्थ व्युत्पत्तिकारांनी सांगून ठेवला आहे. परंतु डोईवर दोन घागरी, कडेवर मूल आणि पोटात दुसरे मूल अशा अवस्थेत विहिरीची चढण चढणाऱ्या बाईला या मुलखात ज्याने एकदा पाहिले असेल, त्याला शब्द बनवणाराने कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली असावी असा संशय आल्यावाचून राहणार नाही.

मराठवाड्याच्या बोलीत याच घराण्याची तिसरी शाखाही नांदते, आणि ती येथे शतकानुशतकांच्या सलतनतींच्या दप्तरांतून आली. फारशीतील ‘बुर्दन’ म्हणजे वाहून नेणे आणि ‘बार’ म्हणजे ओझे. अडत बाजारात आजही धान्य ज्यात भरतात ते बारदान, जुन्या कागदपत्रांत वाहतुकीच्या खर्चाला म्हणत ती बारबरदारी, आणि ईश्वराचा पैगाम वाहून आणतो तो पैगंबर, हे सारे त्या शाखेचे. गोणपाटाच्या ढिगापासून प्रेषिताच्या पदवीपर्यंत एका धातूची धाव जावी, यात अधर्म काहीच नाही, कारण वाहण्याचे काम दोन्हीकडे सारखेच आहे.

या वंशावळीतील एक भेद मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘भृ’ दोन ठिकाणी येतो आणि त्यांपैकी एका ठिकाणी त्याचा अर्थ धारण आणि पोषण असा जोडीने दिलेला आहे. सहन हा अर्थ तेथे नाही. इंग्रजीने वाहणे आणि सोसणे यांना एका दावणीला बांधले, तर आपल्या वैयाकरणांनी धरणे आणि पोसणे यांना. जो धरतो पण पोसत नाही त्याचे काम ‘भृ’ धातूच्या अर्थाने पुरे झालेले नाही, एवढा निष्कर्ष त्यातून काढणे फारसे धाडसाचे होणार नाही. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील पृथ्वीसूक्तात भूमीला विश्वंभरा म्हटले आहे ते या दुहेरी अर्थाने. ती सर्वांना धरते आणि सर्वांना पोसते. पुढच्या काळातील कोशकारांनी तिला सर्वंसहा हेही नाव दिले, आणि क्षमा या एका शब्दात तर पृथ्वी आणि अपराध पोटात घालण्याची वृत्ती या दोहोंना एकत्र आणले. पृथ्वी सहनशील आहे म्हणून माणसाने सहनशील व्हावे, हा उपदेश कीर्तनांतून, पुराणांतून, आणि सासरी निघालेल्या मुलीच्या पाठवणीच्या वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडून इतका ऐकू आला आहे, की त्याची शहानिशा करण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली.

ती शहानिशा ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी या गावी आणि तेरणा नदीच्या खोऱ्यातील त्याच्या शेजारच्या गावांत झाली.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री गणपतींचे विसर्जन आटोपून माणसे उशिरा घरी परतली होती आणि गाढ झोपेत होती. अनंत चतुर्दशीला आपण गणपतीपायी विसरतो, पण ते व्रत मुळात अनंताचे, म्हणजे शेषशायी विष्णूचे आहे. त्या दिवशी दर्भाचा शेष करून पूजतात आणि चौदा गाठींचा दोरा बांधतात. ज्या शेषाच्या मस्तकावर पृथ्वी तोललेली आहे अशी श्रद्धा, त्याचीच पूजा ज्या दिवशी झाली त्याच रात्री पृथ्वी हलली. श्रद्धावंताच्या जिव्हारी लागावा असा याहून क्रूर योगायोग शोधून सापडणार नाही. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी मोजली गेली. जगाच्या मानाने ती काही असाधारण नव्हे. पण केंद्र भूपृष्ठाच्या अगदी जवळ होते, घरे दगडामातीची होती, आणि वेळ पहाटेची. मृतांचा शासकीय आकडा ७,९२८ असा सांगितला जातो आणि इतर अंदाज दहा हजारांच्या आसपास जातात. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे पुढे मूळ जागा सोडून नव्याने वसवावी लागली.

दख्खनचे पठार अचल आहे असा शास्त्रज्ञांचाही समज होता. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. नंतर किल्लारीजवळ विंधन घेतले तेव्हा काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३३८ मीटर खोल भरला. एवढ्या जाड पाषाणावर बसलेल्या माणसाने निश्चिंत असावे यात त्याचा दोष काय? आणि तरीही सूचना मिळालीच नव्हती असे नाही. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस या भागात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. त्या दिवसांत लोक भयाने घराबाहेर, अंगणात आणि शेतात निजले होते. धक्के थांबले, थंडी पडली, आणि माणसे आत आली. एखादे भय किती दिवस वाहायचे याचेही माणसाचे एक परिमाण असते, आणि ते संपले की तो ते भय खाली ठेवतो.

आता त्या घरांविषयी लिहिले पाहिजे, कारण प्रस्तुत प्रश्नाची सारी मेख मला तेथे दिसते. मराठवाड्यातील जुनी घरे खणांत मोजतात. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून छपराला ती चालत नाही, पांढरी लागते. काळीने पिकवावे आणि पांढरीने निवारावे अशी येथील जुनी व्यवस्था, म्हणून गाव आणि शिवार मिळून ‘काळी-पांढरी’. भिंती दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड. आतला एक थर आणि बाहेरचा एक थर घडीव दगडांचा, आणि मध्ये दगडगोटे आणि मातीची भर. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसेच. बाहेरून पाहणाराला ती भिंत किल्ल्याच्या तटासारखी अभेद्य दिसे. वास्तविक त्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या दोन भिंती होत्या.

आणि माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी पांढरी माती चढवावयाची, हा रिवाज. जुना थर काढण्याचे कारण कोणाला पडत नसे. आजाने चढवलेल्या थरावर बापाने थर चढवला, बापाच्या थरावर मुलाने. आणि ज्याच्या खाली चार पिढ्या उन्हाळ्यात गारव्याला निजल्या, ते माळवद दर काही वर्षांनी इंचा-दोन इंचांनी जड होत गेले. कर्माचा सिद्धांत समजावून सांगण्यासाठी संचिताचे जे वर्णन शास्त्रकार करतात, त्याला याहून चपखल दृष्टांत मिळणे कठीण. फरक इतकाच, की हे संचित शिडी लावून वर चढले असता फावड्याने उतरवता येण्यासारखे होते.

भूमी हलली तेव्हा भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले, मधली भर ढासळली, आणि दगड व माती निजलेल्या माणसांवर आली. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि त्याच्या अवतीभवतीचे घर मात्र नाहीसे झाले. झोपडीत, पत्र्याखाली, गवताच्या छपराखाली निजलेले मोठ्या प्रमाणावर वाचले आणि दगडी वाड्यांतले गेले, असे तेव्हापासून सर्वांनी नोंदवले आहे. पुढे पाऊस आला. प्रेते इतकी, की प्रत्येकाला तिरडी आणि चार खांदेकरी मिळणे अशक्य होते. सामूहिक चिता रचाव्या लागल्या, आणि कोसळलेल्या घरांचे खांब आणि तुळया सरणाला लावल्या गेल्या. ज्या वाशांनी घर वाहिले त्यांनीच अखेरीस घरातल्यांना वाहिले. या मुलखात लिंगायत समाज मोठा आहे. त्याच्यात आणि मुसलमानांत मृताला मातीच्या स्वाधीन करण्याची रीत आहे, परंतु त्या आठवड्यात प्रत्येक देहाला त्याच्या धर्माचा विधी मिळावा इतका अवकाश काळाने ठेवला नव्हता.

अशा प्रसंगी ‘का?’ हा प्रश्न उठतोच, आणि त्याची उत्तरे देणारेही लगोलग उभे राहतात. आपल्या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात आहे. ईश्वराने कोणाला सुखी आणि कोणाला दुःखी केले म्हणून त्याच्यावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप येतो काय, असा पूर्वपक्ष तेथे मांडला असून, तो येत नाही, कारण ईश्वर प्राण्यांच्या कर्मांच्या अपेक्षेने सृष्टी करतो, असा सिद्धांत आहे. आचार्य शंकर भाष्यात पर्जन्याचा दृष्टांत देतात: पाऊस सर्वांवर सारखा पडतो, पण भात आणि जव निराळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. दृष्टांत सुंदर आहे आणि निरनिराळ्या माणसांच्या निरनिराळ्या गती समजावून देण्यास तो पुरेसाही असेल. किल्लारीत मात्र नेमके उलट घडले होते. बीजे हजारो होती आणि पीक एकच आले. सात हेक्टरांचा धनी आणि त्याचा सालगडी, अभंग म्हणणारा आणि नमाज पढणारा, ऐंशी वर्षांचा वृद्ध आणि पाळण्यातले मूल, या सर्वांच्या कर्मांच्या हुंड्या एकाच पहाटे, अर्ध्या-पाऊण मिनिटात पटवण्याची मुदत भरली, असे मानावयास माझी बुद्धी तयार होत नाही. आणि मानलेच, तर झोपडीवाले वाचले आणि वाडेवाले गेले याचा अर्थ दगडी भिंत बांधणे हेच पाप ठरले, असा होईल. त्यापेक्षा भिंत पडली म्हणून माणसे मेली, हे विधान तर्काला अधिक जवळचे आहे.

हा वाद नवा नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात महाभयंकर भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेला दंड आहे असे जाहीरपणे म्हटले, आणि रवींद्रनाथांनी, गांधींविषयीचा आपला आदर यत्किंचितही कमी न करता, भौतिक घटनेला नैतिक कारण जोडणे हे अबुद्धीला बळ देणारे आहे असा प्रतिवाद केला. गांधींनी तो ‘हरिजन’मध्ये छापून त्याला उत्तरही दिले, ती सभ्यता आता दुर्मीळ झाली आहे. अस्पृश्यता हे महापातक होते यात शंका नाही. परंतु बिहारच्या धरणीने ते ओळखले आणि इतर प्रांतांच्या धरणीने ओळखले नाही, हे कसे? मी या वादात रवींद्रनाथांच्या बाजूने आहे.

युरोपात १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनेला जमले असता लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले, आणि व्होल्तेरने त्यावर काव्य लिहून, जे आहे ते सर्व उत्तमच आहे असे म्हणणाऱ्या आशावादी तत्त्वज्ञांची रेवडी उडवली. त्याला रूसोने १७५६ मध्ये पत्र लिहिले. त्या पत्रातील एक मुद्दा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जेवढा चर्चिला जावयास हवा तेवढा जात नाही: सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरे एके ठिकाणी दाटीने उभी करण्याचे काम काही निसर्गाने केलेले नाही, असे रूसो म्हणतो. ईश्वराच्या न्यायाविषयी चाललेल्या वादात त्याने गवंड्याला साक्षीला बोलावले. किल्लारीच्या संदर्भात विचार करू लागलो की व्होल्तेरचा उपरोध मला थोडा दूरचा वाटतो आणि रूसोचा गवंडी जवळचा.

मग सहन करणे हा सद्गुणच नाही काय? तो आहे, आणि आपल्या ग्रंथांनी तो थोर गुण म्हणून सांगितला आहे. फक्त कशाला उद्देशून सांगितला आहे ते पाहिले पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तितिक्षेचा उपदेश आहे. तितिक्षा हा शब्द ‘तिज्’ धातूपासून बनतो, आणि ‘तिज्’ म्हणजे धार लावणे; तेज आणि तीक्ष्ण हे शब्द त्याच धातूचे. या धातूला क्षमेच्या अर्थी ‘सन्’ प्रत्यय लागतो अशी व्याकरणाची व्यवस्था आहे. म्हणजे सोसण्याचा जो शब्द गीतेने निवडला त्याच्या मुळाशी बोथट होणे नाही, धार येणे आहे. शिवाय गीता तेथे शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख यांविषयी बोलते आहे, आणि ते आगमापायी आहेत, म्हणजे येतात आणि आपोआप जातात, असे कारण देते. डोक्यावरच्या माळवदाचा भार आगमापायी नव्हे. तो येतो आणि आपण होऊन जात नाही. उतरवला तरच उतरतो. जे आपोआप जाणार त्याला सोसावे, या उपदेशाचे जे आपोआप जाणार नाही त्यालाही सोसावे असे रूपांतर केव्हा आणि कोणी केले, याचा छडा लावणे अवघड आहे. पण ते ज्यांना सोसावे लागत नव्हते त्यांनी केले असावे, असा माझा तर्क आहे.

किल्लारीपासून फार दूर नसलेल्या निलंग्यास नीलकंठेश्वराचे जुने हेमाडपंती देवालय आहे. नीलकंठाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याने विष गिळले नाही आणि थुंकलेही नाही. जगाला त्याची बाधा होऊ नये एवढ्यासाठी ते कंठात धरून ठेवले. पुराणातील सोसण्याच्या साऱ्या कथांत ही मला सर्वांत निर्दोष वाटते, कारण येथे सोसणारा दुसऱ्याचा भार आपणहून उचलतो, आणि त्याच्या सोसण्याने कोणाचे तरी पोषण होते. धातुपाठातील दोन्ही अर्थ येथे एकत्र नांदतात. ज्या सोसण्याने कोणाचेही पोषण होत नाही, उलट भार घालणाराचीच सोय होते, त्याला या मालिकेत बसवता येत नाही.

भूकंपानंतर जे झाले त्याकडे या दृष्टीने पाहिले तर बरेवाईट दोन्ही दिसते. राज्यभरातून आणि परदेशांतून माणसे धावून आली. लष्कराच्या जवानांनी ढिगाऱ्याखालून काही दिवसांनी एक दीड वर्षाची मुलगी जिवंत बाहेर काढली. ‘बेअर’ या क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधिताची इंग्रजीत दोन लेखने आहेत, वाहून आणलेल्यासाठी एक आणि जन्मलेल्यासाठी दुसरे, आणि परीक्षेत मुले त्यांचा हमखास घोटाळा करतात. त्या मुलीच्या बाबतीत कोणते लिहिले असते तरी मी गुण कापले नसते. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. हे धारण आणि हे पोषण.

शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम हाती घेतला त्यात नवी घरे तीन आकारांची होती: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, आणि त्यावरच्याला ७५०. दप्तराच्या दृष्टीने यात तर्क असेलही. सातबाऱ्यावर जेवढी जमीन तेवढे घर, असे म्हणणे महसूल खात्याला सहज सुचणारे आहे. परंतु शोक जमिनीच्या प्रमाणात होत नाही, आणि ज्याचे पाच गेले त्याला किती फूट द्यावयाचे याचे कोष्टक कोणत्याही कचेरीत नसते. नुकसानभरपाई या शब्दात पुन्हा तो ‘भृ’ धातू आहेच. भरून पावणे, त्यावरून भरपाई. आणि ‘भरून पावलो’ हे वाक्य मराठी माणूस पावती देताना म्हणतो तसेच पुरता वैतागल्यावरही म्हणतो. नव्या गावांचे रुंद सरळ रस्ते आणि एकमेकांपासून दूर ठेवलेली घरे पाहून पुष्कळ म्हातारी माणसे ते दुसऱ्या अर्थाने म्हणत असली तर नवल नाही. गल्लीच्या तोंडाशी बसून चार घरांवर नजर ठेवण्याची त्यांची वहिवाट त्या आराखड्यात कोठेच मांडलेली नव्हती.

जी गावे हलली नाहीत तेथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे काम निघाले, सुमारे दोन लाख घरांचे. पैसा घरमालकाच्या हाती द्यावयाचा आणि काम त्याने करवून घ्यावयाचे, अशी योजना होती. आणि ती गावोगाव समजावून सांगण्यासाठी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच स्त्रिया संवाद सहायक म्हणून नेमण्यात आल्या. सिमेंटात वाळू किती, पट्टा कोठे, कोपऱ्यात सळई कशी वाकवावयाची, हे त्या शिकल्या आणि गवंड्यांना हटकू लागल्या. ज्यांना व्याकरणाने भार्या म्हणून ठेवले होते त्या घराच्या भर्त्री झाल्या. ही या सबंध शोकांतिकेतील मला सर्वांत धार्मिक वाटणारी घटना होय, मग त्या कामात देवाचे नाव कोणी घेतले असो वा नसो.

अभियंते ज्याला पट्टा म्हणतात तो दाराखिडक्यांच्या वर सर्व भिंतींभोवती फिरवलेला सलग लोखंडी सळयांचा सिमेंटी कंबरपट्टा होय. त्याचे काम एवढेच, की चारही भिंती सुट्या न राहता एक व्हाव्यात, आणि एकीवर आलेला धक्का बाकीच्या तिघींनी वाटून घ्यावा. सुटी भिंत कितीही जाड असली तरी ती एकटीच सोसते, आणि एकटीच पडते. आरपार दगडाचेही काम तेच. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांचा भार घ्यावयास लावणे. सहनशीलतेवर व्याख्याने देणारांनी एकदा या दोन वस्तू बांधकामावर जाऊन पाहाव्यात.

विश्वंभरा हे नाव मी अजूनही टाकून द्यावयास तयार नाही. भूमीने आम्हांला फसवले असे म्हणणे म्हणजे तिने काही करार केला होता असे धरून चालणे आहे. तिने तो केला नव्हता. ती आपल्या पोटातील ताण आपल्या रीतीने सोडते, आणि तिला सर्वंसहा म्हणून तिच्यावर सहनशीलता लादणारे आपणच. तिने पोसण्याचे काम १ ऑक्टोबर १९९३ रोजीही थांबवलेले नव्हते. खरिपाची पिके शिवारात उभी होती आणि ती काढावयास माणसे उरली नव्हती. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नाही आणि ते आपल्यापाशी आहे असे सांगणारावर माझा विश्वासही नाही. ‘कशाखाली?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र किल्लारीच्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ आहे.

२००२ च्या सुधारित नकाशात या भागाला तिसऱ्या क्षेत्रात घालण्यात आले. माळवदाची घरे मराठवाड्याच्या खेड्यांत अद्याप पुष्कळ उभी आहेत, आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांच्यावर पांढऱ्या मातीची नवी पाटी चढते. वाचकांपैकी ज्यांचे गावाकडचे घर असे असेल त्यांना एवढीच विनंती आहे, की यंदा नवा थर घालण्यापूर्वी जुने थर उतरवून माती पुष्कळ कमी करावी, गळू नये म्हणून तिच्याखाली पाणी न झिरपणारे आच्छादन घालावे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार ठोकून घ्यावेत, आणि भिंतीत जागोजागी आरपार दगड बसवून घ्यावेत. हे काम गावचा गवंडी आणि सुतार मिळून करू शकतात.